दोन इंजिनं आणि मागं बसलेली ती

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर डाली धुतल्या.

बाजारातून रिकाम्या आलेल्या फुलांच्या डाली. अंगणातल्या टाक्याशी बसून त्या धुवायच्या, हे रोजचंच काम. झेंडूचा रस बांबूला धरून बसतो. तो काढला नाही तर दुसऱ्या दिवशीचा माल खालून काळा पडतो. बायको काथ्यानं घासायची आणि मी वरून पाणी टाकायचो. त्या दिवशीही तसंच. ऊन उतरायला लागलं होतं, जमीन अजून तापलेली होती, आणि समोर कडुलिंबाखाली दोन गाड्या उभ्या होत्या. एकाच अंगाच्या, एकाच रंगाच्या. इंजिनं तेवढी वेगळी. त्यातली एक दुसऱ्या दिवशी सकाळी जायची होती.

"मंग कोनती ठेवाची?" मी विचारलं.

"पानी नीट टाका ना. माह्या पायावर टाकून राह्यले."

"इचारलं त्याचं सांग."

"उद्या सकाळी सांगीन."

"आज काहून नाई?"

"आज दमली मी. दमलेल्या मानसानं गाडीचं अन् सोयरिकीचं बोलू नाई."

एवढंच. डाली झाल्या. मी त्या भिंतीला पालथ्या लावत होतो. ती बाजेवर जाऊन टेकली. छातीत जळजळते म्हणाली, पित्त असेल म्हणाली. शेजारची सून देवाला वाहायला दोन फुलं मागायला आली, ती रोजच यायची. तिनं मारलेली हाक मला अजून ऐकू येते. कारण ती हाक मला नव्हती, हिला होती. दोनदा मारली. मग गप्प झाली. मी हातात डाल धरून उभा होतो, आणि अंगणात अजून चांगला उजेड होता.

डॉक्टर आला, हात धरून पाहिला आणि खाली ठेवला. दोष कोणाचाच नाही. माणूस संपतं. पण संपणं वेगळं आणि उद्या सांगीन म्हणून संपणं वेगळं. त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी अजून उत्तराची वाट पाहतो, हे कोणाला सांगितलं तर हसतील. हसू द्या.

गाड्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

मी शाळा फारशी शिकलो नाही. हात बसला तो स्टिअरिंगवर. अमरावतीत कॅम्पातल्या एका साहेबाकडं डायवर होतो. वऱ्हाड नागपूरकडून मुंबई राज्यात गेलं, त्या सुमारास साहेबाची बदली लांब झाली आणि त्यांची ती लहानशी दोन दारांची गाडी माझ्याकडं राहिली. आम्ही माळी. हिच्या भावांचे शहराबाहेर फुलांचे वाफे, झेंडू, शेवंती, गुलाब. अमरावतीत फुलं उरायची आणि अकोल्यात लग्नाच्या दिवसांत कमी पडायची. मी नोकरी गेली म्हणून ओट्यावर बसून होतो. ही म्हणाली, "गाडी हाये, फुलं हायेत, अकोल्यात लग्नं हायेत. बसले काहून?"

झालं. धंदा असा सुरू झाला. शब्द तिचा, चाकं माझी.

पण गाडीत डाली जाईनात. अकोल्यात मोर्णेच्या काठाशी एक मिस्तरी होता, मुसलमान माणूस, इंजिनाचंही करायचा आणि पत्र्याचंही. त्यानं डिक्कीचं झाकण आणि मागची काच कापून एक केली आणि छताला बिजागऱ्या ठोकल्या. खालून वर उचललं की गाडीची पाठ आख्खी उघडी. तशी गाडी तेव्हा साऱ्या वऱ्हाडात मी पाहिली नव्हती. बडनेऱ्याच्या फाटकावर लोक विचारायचे, कोंबड्या नेता का? ही आतून म्हणायची, "कोंबडे नेतो. जागा हाये, या."

ती मागंच बसायची. पुढच्या सीटवर गुलाबाची टोपली असायची, कारण गुलाबाला हादरा चालत नाही. ती मागं डालींच्या मधोमध पोत्यावर मांडी घालून, तोंड मागं करून. दार दोरीनं वर बांधलेलं, वारा खेळायला. मांडीवर ओलं फडकं, हातात सुई-दोरा. अकोला येईतो हार तयार. मी पुढचा रस्ता पाहायचो आणि ती मागचा. बारा-तेरा वर्षं एकाच रस्त्यानं गेलो आलो, पण आम्ही दोघांनी पाहिलेला रस्ता एक नव्हता. मला दिसायचं ते येणारं, तिला दिसायचं ते गेलेलं.

आणि ती बोलायची. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत. आरसा मला लागलाच नाही. "मांगून ट्रक येऊन राह्यला, जाऊ द्या त्याले." "तो लोणीचा म्हातारा आज बी बैलाले मारून राह्यला पाहा." "आपल्या पोट्टीले तेल्हाऱ्याचं स्थळ आलं, पोरगा काळा हाये पन हात मोठे हायेत." लेकीचं लग्न असं कुरणखेड आणि बोरगावच्या मधे ठरलं. मी पुढं पाहून "हो" म्हणालो, ती मागं पाहून "बरं" म्हणाली.

हे बोलणं चाललं ते जुन्या इंजिनामुळं, हे मला नंतर कळलं.

जुनं इंजिन म्हणजे त्याच्या झडपा, मिस्तरीच्या तोंडी वाल, बाजूला, सिलेंडरच्या कुशीत. वरचं डोकं चपटं. मिस्तरी लोक त्याला चपट्या डोक्याचंच म्हणतात. जोर कमी, पण जो आहे तो खालपासून. एकदा वरच्या गिअरात टाकली की मूर्तिजापूरपर्यंत हात लावायचं काम नाही. चढ आला, पूल आला, बैलगाडी आडवी आली, हळू होईल, कण्हेल, पण ओढत राहील. आवाज धग धग धग, म्हाताऱ्या माणसानं घरात चालावं तसा. त्या आवाजाच्या मधे मधे जागा असायची. तिचं बोलणं त्या जागांतून माझ्यापर्यंत यायचं.

खोड्याही होत्या. पेट्रोल प्यायची. मे महिन्यात तापायची. कुरणखेडच्या पुलाआधी रेडिएटर शिट्ट्या मारायचा, की मी उतरून फुलांवर शिंपडायचं पाणी त्यात ओतायचो. मग हिचा आवाज चढायचा.

"फुलाचं पानी इंजनाले?"

"इंजन गेलं तं फुलं काय डोक्यावर नेशील?"

"नेईन. माही माय नेतच होती."

आणि पळायची नाही. आमच्या वेळेला अकोल्याची एक एष्टी असायची. ती रोज आम्हाला मागं टाकायची, पण जागा मिळेतो बराच वेळ मागं मागं चालायची. तेवढा वेळ एष्टीचा डायवर आणि ही समोरासमोर. तो वर बसून दात काढायचा. ही हार वर धरून दाखवायची, घालू का म्हणून. तो भोंगा वाजवून निघून जायचा.

ती गेली त्याआधीच्या हिवाळ्यात मिस्तरीनं नवीची गोष्ट काढली.

"काका, तुमची आता दम खाते. एक गाडी आली आहे माझ्याकडं. तीच गाडी, तीच बॉडी. पण इंजन दुसरं. वाल डोक्यावर. इंजन लहान आहे पण घोडी आहे, घोडी."

"लहान अन् घोडी? तट्टू म्हन ना."

"चालवून पाहा. आधी एका बेकरीवाल्याकडं होती, त्याचं मागचं दार पण मीच केलं. उन्हाळाभर दोन्ही ठेवा तुमच्याकडं. जी आवडंल ती ठेवा, दुसरी मी नेईन. वरचं काय ते समजून घेऊ."

"भाबी काय म्हणतात?" असंही त्यानं विचारलं, कारण शब्द कोणाचा ते त्यालाही माहीत होतं. ही मागं बसून सुटे हार मोजत होती. म्हणाली, "भाबी उन्हाळा झाल्यावर सांगन."

असा आमच्या दारात दोन गाड्यांचा उन्हाळा आला. एक दिवस जुनी, एक दिवस नवी. कडुलिंबाखाली उभ्या असल्या की येणारा-जाणारा थांबायचा. सख्ख्या बहिणी म्हणायचा. हँडल मारलं की कळायचं सख्खेपण किती ते.

नवी पहिल्याच हँडलला लागायची. आवाज वरून, टिकटिक टिकटिक, शिवणाच्या यंत्रासारखा. आणि पळायची म्हणजे पळायचीच. पण खाली तिच्यात काही नव्हतं. इंजिन फिरवत ठेवाल तर जीव, हळू केलं की मेली. चढ दिसला की गिअर खाली घ्या, पाय दाबा, ओरडू द्या. पूल आला, पुन्हा. बैलगाडी आली, पुन्हा. माझा डावा पाय संध्याकाळी भरून यायचा.

पहिल्या आठवड्यातच तिनं ती एष्टी मागं टाकली. बोरगावच्या अलीकडं. मी पाय दाबला, इंजिन किंचाळलं, आणि आम्ही पुढं. मला मागचं दिसलं नाही, पण अकोल्यात उतरल्यावर ही पोट धरून हसली.

"त्या डायवरचं तोंड पाह्यलं असतं तुमी! सासरा मेल्यावानी पाहून राह्यला होता."

"तू काय केलं?"

"म्या हार दाखोला. लहान लहान होत गेला बिचारा."

फुलांचं म्हणाल तर नवीच बरी. ऊन चढायच्या आत पोहोचायची. हादरा बारीक, त्यामुळं गुलाबाच्या पाकळ्या गळायच्या नाहीत. बाजारातल्या बाया टोपलीत हात घालून म्हणायच्या, आज काय फुलं इथंच उगवली का? पेट्रोल कमी. तापणं नाही. रेडिएटरनं सारा उन्हाळा एकदाही शिट्टी मारली नाही. कोणीही सांगेल, नवी ठेव.

पण नवीत तिचं बोलणं ऐकू येईना.

पहिले काही दिवस मला वाटलं, रुसली. बडनेरा गेलं, लोणी गेलं, मागून शब्द नाही. मी वळून ओरडलो, "काहून मुकी झाली?" ती काही तरी म्हणाली. तोंड हललं. मी पुन्हा म्हणालो, "काय?" तिनं हात झटकला, पुढं पाहा म्हणून. मूर्तिजापुरात चहाला थांबलो तेव्हा कळलं की ती बडनेऱ्यापासून बोलतच होती.

"सारं सांगून झालं माहं. आता पुन्हा नाई सांगत."

"काय सांगत होती?"

"गेलं ते. त्या वळनावरचं होतं, वळन गेलं."

मग तिनं युक्ती काढली. गाडीच्या आतल्या पत्र्यावर तळहातानं थाप मारायची. एक थाप म्हणजे मागून गाडी येते. दोन म्हणजे थांबा. आम्ही असे चालायला लागलो. काम भागलं. अकोल्याला लवकर पोहोचलो, लवकर परतलो, फुलं ताजी, पेट्रोल शिल्लक. बोलणं तेवढं एक थाप आणि दोन थापा एवढं उरलं. जुनीच्या दिवशी मात्र ती दुप्पट बोलायची, कालचंही आजच सांगायची. "काल त्या आंब्याखाली दोघं भांडून राह्यले होते, तुमाले कुठं ऐकू येते!" म्हणजे मी एका दिवशी गाडी चालवायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याची गोष्ट ऐकायचो.

उन्हाळा संपत आला तसं मी तिला विचारायला लागलो. तिची उत्तरं मी आता घोळवत बसतो. जात्यात घातलेलं धान्य पुन्हा पुन्हा दळावं तशी. पीठसुद्धा उरलं नाही त्याचं.

एकदा म्हणाली, "फुलं नवीले पसंत करतात."

मी म्हणालो, "म्हंजे नवी."

"म्या फुलायचं सांगतलं. माहं कुठं सांगतलं?"

एकदा जुनी चढावर कण्हायला लागली तेव्हा मागून म्हणाली, "इचं अन् माहं एकच झालं. चढाले दम लागते, पन थांबत नाई." मी हसलो. आता हसू येत नाही. तेव्हा मी तो दम इंजिनाचा ऐकला.

एकदा घरी, भाकरी थापता थापता, "जुनी ऐकते. नवी सारखी इचारते, काय करू, काय करू." मी म्हणालो, मग जुनी ठेवू. तर म्हणे, "इचारनारं बी कोनी पाहिजे ना घरात. पोट्टी तं गेली तेल्हाऱ्याले."

यातून काय काढायचं? मी पोलीस असतो तर काढलं असतं. वर्षभर मी ही वाक्यं दोन्ही बाजूंनी मांडून पाहिली. जेवताना मांडतो, आंघोळ करताना मांडतो. कधी नवीकडं पारडं जातं, कधी जुनीकडं. मग वाटतं तिलाच माहीत नव्हतं. मग वाटतं, छे, तिला माहीत होतं, नाही तर सकाळ कशाला मागितली असती? बाजारातली हार विकणारी म्हातारी मला म्हणाली, "अरे, तिले झोप आली असन, म्हनून उद्यावर ढकललं. बायका उद्यावर ढकलतात. तू काय त्याचा वेद करून बसला?" बरोबर असेल तिचं. पण मला ते पटत नाही, कारण ही कधी काही उद्यावर ढकलायची नाही. उधारीचं फूलसुद्धा तिनं दुसऱ्या दिवसावर ठेवलं नव्हतं. आयुष्यात एकच गोष्ट ठेवली.

रस्त्यावर अजून जातो. पोटाला लागतंच. मधे मधे मान आपोआप मागं जाते. मागं डाली असतात, दार दोरीनं बांधलेलं असतं, आणि त्या चौकटीतून गेलेला रस्ता दिसतो. तो रस्ता मी कधी पाहिला नव्हता. झाडं मागून वेगळी दिसतात. कुरणखेडचा पूल मागून पाहिला तर तो दुसऱ्याच गावचा वाटतो. त्या चौकटीकडं पाहताना दोनदा गाडी कडेच्या मुरमात गेली. लेक म्हणते, आता बस करा बाबा, तेल्हाऱ्याला येऊन राहा. मी हो म्हणतो आणि जात नाही.

आता त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगतो. ते मी टाळत आलो. लोकांनी ते आपापल्या परीनं सांगितलंच आहे, म्हातारा बह्याड झाला होता, डोकं फिरलं होतं म्हणून. तसं झालं नव्हतं.

लेकीला तेल्हाऱ्याला सांगावा गेला होता. ती पहिल्या एष्टीनं येणार होती. ती येईपर्यंत हिला न्यायचं नाही असं ठरलं. ही घरात पुढच्या खोलीत निजवलेली. बाया भोवती बसल्या होत्या. उजाडलं तसे हिचे भाऊ वाफ्यांवरून आले, आणि रोजच्या सवयीनं फुलं तोडून घेऊनच आले. दारात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे कुठं न्यायचं नाही आता. डाली हातात घेऊन उभे राहिले. मी म्हणालो, ठेवा आत. सारी तिच्या अंगावर घाला. थोरला मेव्हणा रडायला लागला. आयुष्यभर तिनं फुलं विकली, अंगावर घातली नव्हती.

तेवढ्यात मिस्तरीनं पाठवलेला माणूस आला. ठरल्याप्रमाणं. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून, तिथून टांग्यानं. त्याला काय ठाऊक. दारात गर्दी पाहून त्यानं टोपी काढली आणि परत वळला.

मी हाक मारली, "थांब."

"काका, मी पुन्हा येईन ना. तेराव्यानंतर येईन."

"सकाळचं ठरलं होतं. सकाळी सांगीन म्हनली होती ती."

"कोण?"

 मेव्हणा पुढं आला. "भाऊजी, जाऊ द्या त्याले. हे काय गाड्या इकाची येळ हाये?"

वेळ नव्हतीच. पण माझ्या डोक्यात एकच होतं की सकाळ झाली आहे आणि ती सांगणार होती. तिचा शब्द मोडायचा कसा? मी हँडल घेतलं. आधी जुनीला मारलं, मग नवीला. दोन्ही चालू ठेवल्या, शेजारी शेजारी, कडुलिंबाखाली. घरातल्या बायांचं रडणं थांबलं. कोणी तरी म्हणालं, "आवं माय, पाहा वं, काय करून राह्यले हे." मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं नव्हतं की ती उठून येईल. तेवढी अक्कल होती मला. पण दोन्ही आवाज एकाच वेळी तिच्यापर्यंत जात असतील तर मला काही तरी कळेल, असं वाटलं. काय ते आजही सांगता येत नाही.

दोन्ही इंजिनं चालत होती. कळलं काही नाही.

मग मी जुनीत जाऊन बसलो. दार लावलं. धग धग धग. तिच्या आवाजाच्या मधे मधे त्या जागा होत्याच, जशा नेहमी असायच्या. मी पुढं पाहून बसलो. एक जागा गेली. दुसरी गेली. प्रत्येक जागेत मागून काही तरी यायला हवं होतं आणि येत नव्हतं. मी एवढी मोठी शांतता कधी ऐकली नव्हती. त्या इंजिनानं ती लपवली नाही. तो त्याचा स्वभावच नव्हता. मी उतरलो तेव्हा मेव्हण्यानं मला धरलं.

मग नवीत बसलो. पाय दाबला. टिकटिक वाढली, किंचाळी झाली, सारं अंगण त्यानं भरून गेलं. मागं काय चाललं आहे ते काहीच ऐकू येईना. बायांचं रडणं नाही, मेव्हणा खिडकीशी काय बोलतो ते नाही. मागं कोणी बोलत असेल तरी मला कळलं नसतं. नसेल तरी कळलं नसतं. रोजचंच होतं ते. नवीत रोज असंच असायचं.

मी पाय काढला, खाली उतरलो आणि जुनीची चाबी त्या माणसाच्या हातात दिली.

"ही घेऊन जा."

"काका, ही? मिस्तरी म्हणाले होते, भाबीला हीच..."

"ने म्हनलं ना."

तो बिचारा अवघडून बसला, आणि जुनी धग धग करत आमच्या बोळातून गेली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. मिस्तरीला हिनं कधी काही सांगितलं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारणारही नाही. अकोल्यात मी आता दुसऱ्या मिस्तरीकडं जातो.

एष्टीची वेळ झाली होती. लेकीला आणायला दुसरा कोणी गाडी चालवणारा नव्हता, आणि असता तरी मी बसून राहिलो नसतो. मी नवी घेऊन स्टँडवर गेलो. लेक उतरली, मला पाहिलं आणि गळ्यात पडली. तिला मी मागं बसू दिलं नाही. गुलाबाच्या टोपलीच्या जागी, पुढं माझ्याजवळ बसवलं. ती रडत होती आणि मधेच थांबून काही तरी विचारत होती, माय कशी गेली, कोणाला काही बोलली का. मला तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. रस्ता सपाट होता, रिकामा होता, वरचा गिअर टाकून इंजिन शांत करायची जागा होती.

मी टाकला नाही. खालच्याच गिअरात पाय दाबून, इंजिन ओरडवत, तिला तिच्या मायपर्यंत घेऊन आलो.